हसणारे ते, मरणारे आपण

आपल्या वाट्याचं हसणं दुसऱ्याकडून उरकून घेण्याची सोय अमेरिकेत १९५०च्या दशकात झाली. चार्ल्स डग्लस नावाचा एक ध्वनितंत्रज्ञ सीबीएस वाहिनीत होता. त्यानं एक पेटी तयार केली. पेटीत टेपची ३२ वेटोळी, प्रत्येकावर दहा, अशी ३२० हसणी भरलेली. समोर कळा, खाली पायानं दाबायचं पेडल. एका कळेत बाईचं खुदकन, दुसरीत ढेरी हलवत केलेलं गडगडाटी, तिसरीत नुसतीच खसखस. पेडल किती वेळ दाबाल त्यावर हसू किती टिकणार ते ठरायचं. पेटीला कुलूप असे. डग्लस पेटी ढकलत स्टुडिओत आणायचा, निर्माता बोट दाखवेल तिथं हसवायचा आणि कुलूप लावून घरी जायचा. आत काय आहे ते कुणाला दाखवायचा नाही. एकही विनोद न करता जन्मभर हशे मिळवणारा हा बहुधा एकमेव माणूस.

पेटी फार चालली. 'मॅश' ही कोरियाच्या युद्धातल्या लष्करी इस्पितळाची मालिका. तिच्या निर्मात्यांना ही पेटी नकोच होती. वाहिनीशी भांडून भांडून त्यांना सवलत मिळाली ती एवढीच, की ऑपरेशन चालू असताना कुणी हसणार नाही. म्हणजे टेबलावर पोट उघडलेला सैनिक असेल तेवढा वेळ पेटी गप्प, आणि डॉक्टर तंबूबाहेर आले की पुन्हा ख्यॅ ख्यॅ. ब्रिटनमध्ये बीबीसीनं तीच मालिका पेटीविना दाखवली. तिथल्या लोकांना कुठं हसायचं ते आपापलं ठरवावं लागलं. त्यातून कुणाला इजा झाल्याचं ऐकिवात नाही.

पेटीतली तीच हसणी वर्षानुवर्षं वापरली गेली. त्यामुळे जुन्या मालिका आज बघताना जी माणसं आपल्याला पोट धरून हसताना ऐकू येतात, त्यांतली बरीचशी केव्हाच वारलेली असणार. टीव्हीवरच्या विनोदाची ही गंमत: मेलेली माणसं हसतात आणि जिवंत माणसं त्यांच्याकडे बघत बसतात. व्हिडिओ गेममध्ये नेमकं उलट. तिथं चांगली जेवूनखाऊन बसलेली धडधाकट माणसं पाच-पाच मिनिटांनी मरतात.

माझं मत थोडक्यात सांगायचं तर ते हे. विनोदी कार्यक्रमात आपल्या वतीनं दुसरा हसतो, गेममध्ये मात्र आपलं मरण आपल्यालाच मरावं लागतं. म्हणून दोहोंपैकी गेम हाच जास्त विनोदी प्रकार आहे. हे मत मी घरात मांडलं तेव्हा बायको म्हणाली, "गेम बंद करून आधी कुकरच्या शिट्ट्या मोज." वैचारिक मतभेद आमच्याकडे असे मिटतात.

गंमत म्हणजे आपल्याकडचा टीव्ही आणि व्हिडिओ गेम या दोघांची जन्मवर्षं जुळतात. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत घरच्या टीव्हीला जोडून खेळायचं 'मॅग्नावॉक्स ओडिसी' हे यंत्र दुकानात आलं आणि नोव्हेंबरात अटारी कंपनीचा 'पाँग'. पाँगचं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून बघतात तर नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. आपल्याकडे तेव्हा टीव्ही बंद पडायचा तो अँटेनावर कावळा बसला म्हणून.

आणि आपल्याला पेटीची गरजही नव्हती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'चिमणराव' लागायचं. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. त्या काळची मंडळी सांगतात त्यावरून चाळीत टीव्ही एका घरात आणि प्रेक्षक चार मजल्यांचे. चिमणराव गोंधळला की खोलीतले हसायचे. दारातल्यांना पडदा अर्धाच दिसायचा, ते आतले हसले म्हणून हसायचे. जिन्यातल्यांना काहीच दिसायचं नाही, ते "काय झालं, काय झालं" असं विचारून सगळ्यात शेवटी हसायचे, आणि त्या उशिराच्या हशात पुढचं वाक्य बुडायचं. मग टीव्हीवाल्या काकू ओरडायच्या, "हसायचं असेल तर बाहेर जा!" डग्लसच्या ३२० प्रकारांत हा जिन्यातला हशा नव्हता.

पेटी आपल्याकडे पुढे माणसाच्या रूपात आली. २००५मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' सुरू झालं. परीक्षक शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू. सिद्धूंच्या हसण्याला ना कळ होती, ना पेडल, आणि कुलूप तर नव्हतंच. तेव्हापासून विनोदी कार्यक्रमात एक खुर्ची हसणाऱ्यासाठी राखीव असते. नट बदलतात, लेखक बदलतात, खुर्ची कायम. विनोद सांगणाऱ्याला अजून अर्धं वाक्य बोलायचं असतं, तोवर खुर्चीचं हसून झालेलं असतं.

या खुर्चीतल्या हसण्याचे आता ठरलेले प्रकार झाले आहेत. पहिला, टाळी वाजवत मागे रेलणं. दुसरा, शेजारच्याच्या खांद्यावर चापट्या मारणं. शेजारी नवा असेल तर तो कळवळतो, जुना असेल तर आधीच सरकून बसतो. तिसरा, डोळ्यांच्या कडा पुसणं. डोळे कोरडे असले तरी चालतं. चौथा, खुर्चीतून घसरत जमिनीवर येणं. हा फार जपून वापरायचा असतो, कारण त्यानंतर करण्यासारखं काही उरत नाही. सिनेमाच्या प्रसिद्धीला आलेले पाहुणे असतील तर ते चारही प्रकार एकदम करतात. येत्या शुक्रवारी आपलं काय होणार या धास्तीनं त्यांच्या पोटात गोळा आलेला असतो, तरी हसतात. खरा अभिनय तिथं चाललेला असतो.

माझी तक्रार नटांबद्दल मुळीच नाही. भाऊ कदम काहीही न बोलता नुसते येऊन उभे राहिले तरी मला हसू फुटतं. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये समीर चौघुले किंवा नम्रता संभेराव एखाद्या फालतू वाक्यातून जे काढतात, ते वाक्य लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसेल. तक्रार आहे ती एवढीच, की नट चेहऱ्यानं काहीतरी बारीक, नेमकं करत असतो आणि बरोब्बर त्याच क्षणी कॅमेरा त्याला सोडून खुर्चीकडे धावतो. गावसकरांनी स्ट्रेट ड्राइव्ह मारावा आणि आपल्याला तेवढा वेळ स्कोअर लिहिणाऱ्याचा चेहरा दाखवावा, तसं ते वाटतं.

दुसरं मत साडीबद्दल. मराठी विनोदी कार्यक्रमात स्किट अडलं की कुणीतरी पुरुष साडी नेसतो. मग लेखकाला सुट्टी. पदर घसरला, हशा. निऱ्या सुटल्या, हशा. आवाज बारीक केला, प्रचंड हशा. ज्या महाराष्ट्रात बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर आले की घरंदाज बायका त्यांची नेसण, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना बघून घरी जाऊन तशी करायच्या, त्याच महाराष्ट्रात शंभर वर्षांत आपण इथवर आलो. गंधर्वांनी पुरुष असल्याचं विसरायला लावलं. आता पुरुष असल्याची आठवण करून देणं, एवढाच विनोद उरला आहे. यात साडीचा काय दोष? ती बिचारी दोन्ही वेळेला पाचवारी किंवा नऊवारीच होती.

हिंदी विनोदी मालिकेतला मराठी माणूस हा आणखी वेगळा विषय. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' जुलै २००८मध्ये सुरू झालं, त्याचे चार हजारांवर भाग झाले. गोकुळधाम सोसायटी मुंबईत गोरेगावला, आणि तिथं मराठी बाणा सांभाळायला आत्माराम तुकाराम भिडे. व्यवसाय शिकवण्या, वाहन 'सखाराम' नावाची स्कूटर, पद सोसायटीचा सेक्रेटरी, बायकोचा उद्योग लोणची-पापड, आणि तोंडी एकच पालुपद: आमच्या जमान्यात असं नव्हतं. आमच्या सोसायटीतल्या सेक्रेटरींना हे पात्र विनोदी वाटतच नाही. ते ही मालिका माहितीपट म्हणून बघतात आणि अधूनमधून "बरोबर आहे त्याचं" असं म्हणतात.

पण टीव्हीवरच्या या सगळ्या विनोदात एक गोष्ट कधीच घडत नाही, ती म्हणजे नापास होणं. स्किट कितीही आपटलं तरी शेवटी खुर्चीतून ऐकू येतं: कमाल, अप्रतिम, माझ्याकडे शब्द नाहीत. आणि शब्द नाहीत हे सांगायला पाच मिनिटं लागतात.

गेममध्ये कमाल-बिमाल काही नाही. तिथं तुम्ही खड्ड्यात पडता, पडद्यावर 'गेम ओव्हर' येतं, विषय संपला.

हे शिक्षण आमच्या पिढीला गल्लीतल्या पार्लरमध्ये मिळालं. पार्लर म्हणजे पडदा लावलेली अंधारी खोली, तीन-चार यंत्रं, गल्ल्यावर एक काका आणि रुपयाला एक कॉइन. तिथला राजा म्हणजे 'मुस्तफा'. कॅपकॉम कंपनीनं १९९३मध्ये हा गेम काढला तेव्हा त्याचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असं ठेवलं होतं. ते नाव आपल्याकडे कुणीही, कधीही उच्चारलं नाही. त्यात खेळायला चार जण होते. त्यांतला नायक म्हणजे जॅक नावाचा तगडा गडी. पण पोरांनी पिवळ्या टोपीचा, पळत येऊन लाथ घालणारा मुस्तफा कैरो निवडला आणि सगळ्या गेमलाच त्याचं नाव देऊन टाकलं. जपानी कंपनी, अमेरिकन गाड्या, नामशेष प्राणी आणि हातात येईल त्याला तुडवणारा मुस्तफा. रस्त्यातलं पिंप फोडलं की आतून बर्गर किंवा मटणाची तंगडी निघायची आणि तो ती जमिनीवरून उचलून थेट खायचा. खाल्ली की ताकद वाढायची. ज्या घरांत हात धुतल्याशिवाय शेंगदाण्यालाही हात लावू देत नसत, त्या घरांतल्या पोरांनी आरोग्यशास्त्राचा हा दुसरा पाठ पार्लरमध्ये घेतला.

ज्यांना पार्लरची बंदी होती त्यांच्या घरी 'टीव्ही गेम' आला. निन्टेंडोच्या यंत्राची ही नक्कल, तिच्यात पिवळी किंवा काळी कॅसेट घालायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. त्यातले खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके; बाकीचे तेच, फक्त मारिओचा रंग बदललेला किंवा सुरुवात दुसऱ्या लेव्हलपासून. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीनं नेमकं काय होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण मारल्याशिवाय राहवत नसे. ॲडॉप्टर तापायचा. घरातल्या मोठ्यांची पक्की खात्री असायची की गेमनं टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. बातम्यांनी जात नाही, महाभारतानं जात नाही, फक्त गेमनं जाते.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम १९८५चा. शिगेरू मियामोतो यांनी मारिओला १९८१मध्ये 'डाँकी काँग'मध्ये पहिल्यांदा आणलं तेव्हा तो सुतार होता, पुढे प्लंबर झाला. राजकन्येला सोडवायला तो आठ जगं पार करतो, आगीवरून उड्या मारतो, कासवं चिरडतो आणि सात किल्ल्यांत जाऊन त्याला एकच उत्तर मिळतं: ती इथं नाही, दुसऱ्या किल्ल्यात बघा. तरी तो पुढे जातो. लहानपणी मला हा गेम साहसाचा वाटायचा. स्वतःचं घर झाल्यावर तो अद्भुतरसाचा आहे हे कळलं. आठ जगं ओलांडून येणारा प्लंबर! आमच्याकडचा "वायसर घेऊन आलोच" असं सांगून गेला, त्याला त्यानंतर फक्त राजकन्याच शोधू शकेल.

'कॉन्ट्रा'मध्ये तर वशिल्याचीही सोय होती. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए अशी बटणं दाबली की तीन जिवांऐवजी तीस मिळायचे. हा मंत्र मुळात काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरचा. 'ग्रेडियस' नावाच्या गेमची घरगुती आवृत्ती १९८६मध्ये तो तयार करत होता. तपासून बघायला बसला तर त्याला स्वतःलाच तो फार अवघड जायला लागला. म्हणून त्यानं आपल्यापुरती पळवाट ठेवली आणि ती काढून टाकायची राहून गेली. पेपर काढणाऱ्यालाच पेपर सुटेना, म्हणून त्यानं आत उत्तरं चिकटवून ठेवली आणि तसाच छापायला दिला! आमच्या वर्गातल्या ज्या मुलांना पावकीदिडकी कधी पाठ झाली नाही, त्यांना हा मंत्र झोपेतही येत होता.

आता मुख्य कलाकाराकडे येतो. निन्टेंडोचा 'डक हंट' हा गेम १९८४चा. हातात प्लास्टिकची बंदूक, पडद्यावर उडणारी बदकं. नेम लागला की गवतातून एक कुत्रा वर येतो आणि गुमान बदक उचलून दाखवतो. नेम चुकला की तोच कुत्रा पुन्हा वर येतो, पंजा तोंडाशी नेतो आणि थेट आपल्याकडे बघून खिखी करतो. त्याच्यावर गोळ्या झाडून बघितल्या नाहीत असा मुलगा त्या काळी नसेल. घरच्या आवृत्तीत त्याला काहीही होत नाही. बंदुकीची करामत अशी होती: घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि नळीतला प्रकाशसंवेदक तो उजेड टिपायचा. हे फक्त पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच जमतं. सपाट टीव्ही आले आणि बंदूक निकामी झाली. कुत्रा अमर झाला.

टीव्हीच्या आतून माझ्याकडे बघून प्रामाणिकपणे हसलेला हा एकमेव प्राणी. त्याला हसायला कुणी सांगितलं म्हणून तो हसला नाही. मी चुकलो म्हणून हसला. आणि जेव्हा मी चुकलो नाही तेव्हा हसला नाही, हे त्याहून मोठं. असा परीक्षक मराठी दूरचित्रवाणीला अजून लाभायचा आहे.

शिवाय त्याच्याबरोबर मागे बसलेलं घरही हसायचं. आजीला गेममधलं ओ की ठो कळत नसे. पण मारिओनं उडी मारली की नातूही रिमोटसकट जागेवर उडतो, खड्डा आला की श्वास रोखतो आणि मेला की यंत्रावर आळ घेतो, हे तिला लख्ख दिसायचं. पुढे 'रोड रॅश' आला तेव्हा वळणावर खेळणारा डावीकडे झुकायचा, बघणारे झुकायचे, दारातून चहा घेऊन येणारे काकाही झुकायचे. मोटारसायकल कॉम्प्युटरमध्ये आणि चहा फरशीवर. या विनोदाला लेखक नव्हता, आणि कॅमेरा कुणावर न्यावा हा प्रश्नच नव्हता. सगळेच बघण्यासारखे होते.

मोठ्यांची पाळी नंतर आली. २००९मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आलं आणि गावाकडची जमीन विकून शहरात फ्लॅट घेतलेली माणसं रात्री दोनचा गजर लावून स्ट्रॉबेरी काढायला उठू लागली. पीक वेळेवर काढलं नाही तर सुकायचं. पण खऱ्या शेतीचा सराव म्हणावा तर त्यात ना वीज जायची, ना भाव पडायचा, ना पंचनाम्याला कुणी यायचं.

मग २०२०चा लॉकडाऊन. सकाळी आणि रात्री दूरदर्शनवर रामायण आणि मधल्या वेळात लुडो किंग. हा गेम बनवणारी गेमेशन कंपनी नवी मुंबईची, गेम २०१६चा. पण घराघरांत शिरला तो तेव्हा. आमचा डाव सासूबाई नाशिकहून, मेहुणा न्यू जर्सीहून आणि आम्ही दोघं डोंबिवलीहून असा चालायचा. आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या सासूबाई माझी सोंगटी घराच्या दारात मारल्यावर व्हिडिओ कॉलवर जे हसल्या, ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं. माझ्या लग्नातही नाही. मला सलग सहा पडायला लागले तेव्हा मात्र त्यांनी शांतपणे विचारलं, "जावईबापू, ते कंपनीवाले नवी मुंबईचे ना? म्हणजे तुमच्या डोंबिवलीपासून जवळच." मेहुण्यानं तिकडून दुजोरा दिला. बायको गप्प राहिली, आणि ती कुणाच्या बाजूची आहे ते माझी पुढची सोंगटी मारून तिनं दाखवून दिलं. त्या चार चौकटींत जो विनोद झाला तो कुठल्याही स्किटपेक्षा सरस होता. साडी फक्त सासूबाईच नेसल्या होत्या आणि ती व्यवस्थित होती.

सध्या माझं प्रशिक्षण भाच्याकडे आहे. पबजीवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, आणि जुलै २०२१मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' नावानं परतला. येताना संस्कारी होऊन आला. हे आभासी जग आहे, खरं नाही, असं आधी बजावून सांगतो. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास. आणि गोळी लागली तर रक्त हिरवं. आपल्याकडे खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्याच हिशेबानं हे शाकाहारी रक्त असावं. पण शंभरांतून शेवटपर्यंत टिकलं की मिळतं ते 'चिकन डिनर'. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वाट बघत आजी माळ ओढत बसलेली असताना भाचा आतून किंचाळला, "चिकन डिनर! आजी, चिकन डिनर!" आजीची माळ थांबली. "कुणी मागवलं?" एवढंच ती म्हणाली. खुलासा करायला पंधरा मिनिटं लागली, आणि तो तिला पटला असं मला वाटत नाही.

माझ्याबद्दल भाच्याचं मत स्पष्ट आहे. "मामा, तू पुन्हा मेलास." यात दुःख नाही, खोटं कौतुक नाही, शब्द नाहीत असंही म्हणणं नाही. नुसती बातमी. मी टेकडीमागे लपलो की म्हणतो, "मामा, ती टेकडी नाहीये, तो शत्रू आहे." हसून हसून त्याच्या हातातून फोन पडतो. मी एवढा विनोदी आहे हे मला माझ्या लेखांमुळे कधी कळलं नसतं.

इथवर सगळं माझ्या मताला धरून चाललं होतं. पण अलीकडे भाचा खेळत नाही. दुसरा कुणीतरी खेळतो ते बघतो. पडद्याच्या कोपऱ्यात हेडफोन लावलेला, रंगीत दिव्यांच्या खुर्चीत बसलेला एक तरुण असतो. तो खेळतो, तोच मरतो, तोच ओरडतो आणि स्वतःच्या मरणावर तोच खदाखदा हसतो. हजारो मुलं गप्प बसून हे बघतात. मी विचारलं, "अरे, तू का नाही खेळत?" भाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मामा, तो माझ्यापेक्षा भारी मरतो."

म्हणजे डग्लसची पेटी अखेर गेममध्येही शिरली. आधी आपण हसायचं काम बाहेर दिलं, आता मरायचंही दिलं. आपल्याकडे स्वतः करण्यासारखं एकच काम शिल्लक राहिलं आहे, 'स्किप ॲड'चं बटण दाबणं, आणि त्यालाही पाच सेकंद थांबावं लागतं.

यावर माझी एक साधी सूचना आहे. विनोदी कार्यक्रमाला गेमचे नियम लावा. प्रत्येक स्किटला तीन जीव द्या. जुना विनोद आला, एक जीव गेला. शारीरिक व्यंगावर विनोद आला, दुसरा गेला. साडी आली की थेट पहिल्या लेव्हलला परत. वशिल्याचा मंत्र नाही. आणि खुर्चीत कुठलेही सेलिब्रिटी न बसवता 'डक हंट'मधला तो कुत्रा बसवा. नेम लागला तर गप्प, चुकला तर खिखी. महाराष्ट्राला निदान एकदा तरी कळेल की विनोद लागला की नाही.

पण ही योजना टिकायची नाही हेही मला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात कुत्रा प्रामाणिकपणे हसेल. दुसऱ्या आठवड्यात वाहिनीवाले त्याला टाळी वाजवत मागे रेलायला शिकवतील. तिसऱ्या आठवड्यात तो शेजारच्याला चापट्या मारायला लागेल आणि खुर्चीतून खाली घसरेल. आणि टीआरपी पडला, की चौथ्या आठवड्यात त्याला साडी नेसवतील.